मुलाचा जन्म १९१७, बापाचा मृत्यू १९१५: एका घराण्याच्या कागदांचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं हे शेतकरी घराणं. घरच्यांनी सांगितल्यावरून नावं आणि गाव इथे देत नाही, नात्यांवरच भागवते. पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आले नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांचा एकुलता मुलगा म्हणजे आबा. आबांनी बाप पाहिलाच नाही. आबाही आता नाहीत. त्यांची ऐंशी ओलांडलेली मुलगी, जिला सगळे आत्या म्हणतात, आणि एसटीतून निवृत्त झालेले नातू, दादा, ही आज घरातली जाणती माणसं.

भडका उडाला तो पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्यामुळे. त्याला वंशावळ मांडायचा नाद लागला आणि त्याने दोन कागद मिळवले. दोन महायुद्धांत कामी आलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची यादी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्याला पणजोबांचं नाव सापडलं, मृत्यूची तारीख २२ नोव्हेंबर १९१५. गावच्या शाळेतून त्याने आबांच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला, त्यात जन्मतारीख १ जून १९१७. दोन्हींचे फोटो त्याने कौतुकाने भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. हिशोब करायला कुणाला पाटी-पेन्सिल लागली नाही.

एरवी हा विषय हसण्यावारी गेला असता. पण या भावकीत जुनं दुखणं होतं. आबांच्या तरुणपणी जमिनीची वाटणी झाली तेव्हा चुलत घराने “ह्यो आमच्या रक्ताचा न्हाई” असं चारचौघांत म्हटलं होतं. ते बोलणं पुढे विरलं, वाटणी झाली, दोन्ही घरांत सोयरसुतकही सुरू राहिलं. आता सत्तर वर्षांनी त्याच बोलण्याला छापील पुरावा मिळाल्यासारखं झालं. दादांनी फोन केला तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं: “ताई, पोरानं कागद खरंच आणल्यात. खोटं कायच न्हाई. पर आत्याला आता काय सांगू?”

कागद खरे होते, यात वाद नाही. पण खरा कागद म्हणजे खरी माहिती नव्हे. कोणतीही नोंद कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेली असते. ज्या गोष्टीसाठी ती केली तिच्याबाबत ती पक्की असते आणि बाकीच्या रकान्यांत लिहिणाऱ्याच्या सोयीने भरलेलं असतं. या प्रकरणात जे काही केलं ते एवढ्याच कसोटीवर.

आधी बापाची तारीख

दोन तारखांपैकी चुकीची कोणती हे ठरवण्याआधी एक साधा प्रश्न होता. यादीतला शिपाई याच घराचा कशावरून? पुतण्याने नाव आणि ‘सातारा’ जुळलं म्हणून तो माणूस आपला धरला होता. या यादीत शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, पण सगळं रोमन लिपीत आणि इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. एकच आडनाव तीन-चार प्रकारांनी लिहिलेलं सापडतं, कधी आडनावाच्या जागी नुसतं पाळण्यातलं नाव असतं, आणि गावांची नावं तर मूळ गावकऱ्यालाही मोठ्याने वाचल्याशिवाय उमगत नाहीत. नेहमीचीच नावं असलेले एका जिल्ह्यातले दोन-चार शिपाई सहज निघतात. म्हणून नावापेक्षा नंबर महत्त्वाचा. आणि नंबर घरातच होता, फक्त तो देवघरात होता.

आत्यांनी देव्हाऱ्यातून टाकांबरोबर ठेवलेली एक काशाची चांदणी काढून दाखवली. “बसऱ्याच्या आजाची,” म्हणाल्या. चार टोकांची, मध्ये आडव्या-तिडव्या दोन तलवारी, पट्टीवर १९१४-१५. युद्धाच्या त्या दोन वर्षांत रणांगणावर उतरलेल्यांना मिळालेला हा स्टार. फ्रान्स-बेल्जियममध्ये १९१४ सालीच लढलेल्यांचा वेगळा होता, मेसोपोटेमियावाल्यांना हा. या चांदणीची पाठ सपाट असते आणि तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. पण इथे दर दसऱ्याला चिंच लावून घासण्यात कित्येक वर्षं गेली होती, वर हळदी-कुंकवाचं किटण. समोरून पाहिलं तर पाठ कोरी.

अशा वेळी पॉलिश लावायचं नाही, जे उरलंय तेही जातं. कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने कुंकू तेवढं सोडवलं. मग खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी अगदी बाजूने, जवळजवळ आडवी धरली. ठोकलेल्या अक्षराची एक कड सावली धरते. चांदणी थोडी थोडी फिरवत गेलं की एकेक अक्षर उठतं आणि पुन्हा विझतं. नाव निम्मंच वाचता आलं. नंबर पूर्ण आला, आणि त्याच्यापुढे ११७ मराठा. यादीत तोच नंबर, तीच पलटण. गावाचं स्पेलिंग भलतंच होतं, पण बापाचं नाव आत्यांनी सांगितलं तेच. माणूस हाच.

चांदीचंही एक पदक होतं, ते बहात्तरच्या दुष्काळात सोनाराकडे गेलं. त्या साली कुणाच्या घरात काय उरलं होतं ते आठवलं तर यात विशेष काही नाही. काशाला भाव नव्हता म्हणून चांदणी वाचली.

पलटण कळल्यावर पुढचं इतिहासात लिहिलेलंच आहे. ११७ मराठा ही सहाव्या पुणे डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमधली पलटण. ही ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला फाओला, शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली. त्याच महिन्यात बसरा हाती आलं. वर्षभर टायग्रिसच्या काठाने वर सरकत ब्रिटिश सेनापती टाउनशेंडची फौज २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला भिडली. तिथल्या लोकांच्या तोंडी ते सलमान पाक. या लढाईत डिव्हिजनची सुमारे ४,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि उरलेले मागे हटून कूतला आले. ‘बसऱ्याला गेले’ आणि ‘बगदादच्या वेशीवर पडले’ अशा दोन्ही गोष्टी आत्या सांगायच्या आणि पुतण्याला त्यात विसंगती वाटायची. दोन्ही बरोबर आहेत. बगदाद तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर.

तेव्हा बापाची तारीख पक्की धरावी लागली. लष्कराला शिपायाच्या मृत्यूची तारीख हवीच असते, पगार आणि पेन्शन तिच्यावर ठरते. नोंद त्यासाठीच आहे.

मग मुलाची

शाळेच्या उताऱ्यावर मी फार वेळ घालवला नाही. ‘१ जून’ पाहिलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या मास्तराला कळतं. गावात जन्माचा दाखला घेऊन कुणी येत नसे. मास्तर पोराकडे बघायचे, उंची-दात पाहायचे, पहिलीला सहा वर्षांचा हवा म्हणून मागे हिशोब करून १ जून टाकायचे. ज्या पिढीचे निम्मे लोक ३१ मेला निवृत्त व्हायला हवेत अशी ती पिढी. आबांचं नाव शाळेत १९२३ साली दाखल झालेलं आहे. तेवीसमधून सहा वजा, सतरा. आत्या म्हणाल्या, “आबा आधी गुरंच राखायचं. मामानं धरून साळंत घातलं.” म्हणजे आठ वर्षांचं पोर सहाचं म्हणून बसवलं. शाळेला पोर कधी जन्मलं याच्याशी कर्तव्य नव्हतं, पहिलीत बसतं का एवढंच हवं होतं. रजिस्टरमध्ये खात्रीचं काय, तर दाखल झाल्याची तारीख आणि पालक म्हणून लावलेलं नाव.

जन्माची नोंद करायचं काम ज्याचं होतं त्याचा कागद वेगळा. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी द्यायचा आणि ती गावदप्तरात चढायची, पुढे हाच गाव नमुना चौदा. लोक आजही त्याला कोतवाल बुकच म्हणतात. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर ही दप्तरं धूळ झटकून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना काम मिळालं, अनेक जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून चढवली. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला हे घबाडच आहे. फक्त ती चाळणी कुणबी नोंदींपुरती लावलेली होती हे विसरू नये. स्कॅनमध्ये पान दिसलं नाही म्हणजे बुकात नाही असं धरून परत फिरायचं नसतं. नक्कलेचा अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि मूळ बुक मागायचं. दादांनी तेच केलं. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत ओळखी असलेला निवृत्त कंडक्टर या कामात पदवीधर पुतण्यापेक्षा भारी पडतो.

बुक मोडीत. मोडी वाचणाराही अडखळेल अशा घाईच्या हाताचं. शब्दांत जागा नाही, र्‍हस्व-दीर्घ नाही, हात उचललेलाच नाही. आणि या बुकांची एक अडचण नवख्यांना माहीत नसते: जन्माच्या नोंदीत बहुधा पोराचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आत वर्दी गेलेली असते. बापाचं नाव, जात, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणजे आबांचं नाव शोधत बसलं तर जन्मभर सापडायचं नाही. बापाच्या नावाने शोधायचं.

तसं शोधलं तर दोन नोंदी निघाल्या. एक १९१३ ची, एक फेब्रुवारी १९१५ ची, दोन्हींत बापाचं नाव तेच, दोन्हींत मुलगा. घरात पुन्हा धाकधूक सुरू झाली. पण दुसऱ्या नोंदीत कारकुनाने बापाच्या बापाचं नावही लावलं होतं, ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. ते तमुक म्हणजे यादीत आणि आत्यांच्या तोंडी असलेलं तेच नाव. पहिली नोंद ज्यांची, त्यांना ‘बिन’ दुसरंच. ते चुलत घराचे निघाले. एका आज्याचं नाव दोन नातवांना ठेवलेलं, हे तर आपल्याकडे घरोघरी.

फेब्रुवारी १९१५. युद्ध पुकारलं गेलं ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिगेड निघाली ऑक्टोबरात. शिपाई त्या उन्हाळ्यात रजेवर घरी आलेला असला तर महिने चोख जुळतात. त्याला पोर झाल्याचं तिकडे कळलं की नाही, हे कुठल्याच कागदात नाही.

एका नोंदीवर थांबणं बरं नव्हतं. चुलत घराने विचारलं असतं, ‘मुलगा’ म्हणजे हाच मुलगा कशावरून? झालेलं पोर गेलंही असेल. प्रश्न रास्त होता. त्याच बुकात १९१८ चं शरद ऋतूतलं पान उघडलं की कळतं किती रास्त. ओळीमागून ओळ, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. इन्फ्लुएन्झाची ती साथ. त्या पानांवर या घरातलं पोर नाही ना, हे आधी पाहिलं. नव्हतं.

जमिनीचा कागद बोलतो

उत्तर फेरफारात होतं. गाव नमुना सहा, ज्याला आपण फेरफार रजिस्टर म्हणतो, त्यात माणूस मेला की जमिनीला वारस लागतात. सैन्याने शिपायाला लिहिलं, कोतवालाने जन्माला लिहिलं, पण हा बाप आणि हा मुलगा यांना एका ओळीत बांधायचं काम महसुलाचं. सरकारला सारा कुणाकडून वसूल करायचा हे माहीत हवं होतं.

वारसाची नोंद १९१९ ची निघाली. मजकूर असा: अमुक हे लढाईवर सुमारे तीन वर्षांपूर्वी मयत, त्यांस वारस मुलगा, पुढे आबांचं नाव, वय सुमारे ४, अ. पा. क. आई, आणि पुढे पणजीचं नाव ‘कोम’ अमुक. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती, कोम म्हणजे अमक्याची बायको. शेवटच्या रकान्यात तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा, नोंद मंजूर.

या दीड ओळीत सगळं आलं. १९१९ साली चार वर्षांचा म्हणजे १९१५ चा. सतराचा असता तर दोनाचा असता, आणि दोन वर्षांचं पोर आणि चार वर्षांचं पोर यात तलाठ्याची सुद्धा गल्लत होत नाही. नावासकट वारस म्हणून आबाच लागलेत. माझ्या मते सर्वांत वजनदार बाब मात्र वेगळीच: या नोंदीला हरकत नाही. वारसाची नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस जाते. पणजोबांचा सख्खा भाऊ तेव्हा हयात होता, गावातच होता, आणि पोर खरंच परकं असतं तर त्याच्या फायद्याची जमीन समोर होती. त्याने तोंड उघडलेलं नाही. जे बोलणं उठलं ते पुढच्या पिढीत, वाटणीच्या वेळी. १९१९ साली, जेव्हा सगळे साक्षीदार जिवंत होते, तेव्हा ते नव्हतं.

दादांनी ही नक्कल आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग मी काय सांगत हुते?”

चार वर्षं कुठे गेली

एक कुसळ उरलं होतं. माणूस गेला १९१५ ला, वारस लागला १९१९ ला. चुलत घरातल्या एका शिकलेल्या मुलाने ते नेमकं पकडलं, आणि विचारलं ते बरंच झालं.

वर्दी द्यायला लोक आजही वर्षानुवर्षं लावतात, हे एक उत्तर आहे. पण इथे दुसरं कारणही असावं असं मला वाटतं. टेसिफॉनहून मागे फिरलेली फौज कूतला आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनिशी शरण गेली, त्यात ११७ मराठाही होती. पलटण सगळीच्या सगळी तुर्कांच्या कैदेत. कोण टेसिफॉनला पडला, कोण वेढ्यात गेला, कोण कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं त्यात, कोण अजून जिवंत आहे, हे पाटण तालुक्यातल्या बाईला कोण सांगणार? कैदी सुटून घरी यायला लागले ते १९१८ अखेरच्या तहानंतर. आत्यांच्या आठवणीत आहे की पलीकडच्या वाडीचा एक जण “लई दिसांनी आला, हाडाचा सापळा हुऊन”, आणि त्याने येऊन सांगितलं. १९१९ ची नोंद आणि ‘सुमारे तीन वर्षांपूर्वी’ हा अंदाजाचा शब्द या दोन्ही गोष्टी त्याच्याशी जुळतात. हा माझा तर्क आहे, कागद नाही, आणि दादांच्या टिपणात तो तर्क म्हणूनच लिहिला आहे.

पंजाबातल्या घराण्यांना या बाबतीत एक सोय आहे. तिथल्या गावोगावच्या शिपायांची युद्धानंतर केलेली रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात टिकली आणि अलीकडे ती स्कॅनही झाली. आपल्याकडे गावच्या चावडीशी संगमरवरी पाटी सापडते: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं भिंतींवर कोरली, हिंदी शिपायांचा पलटणीगणिक आकडा टाकला. नावं वहीत गेली. या भेदभावाबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. ते स्मारकसुद्धा मूळ जागी नाही, सद्दामच्या काळात, १९९७ मध्ये, ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. पुतण्याने विचारलं की जाऊन नाव बघता येईल का. भिंतीवर नाव नाही, संगणकावर जे दिसलं तेच.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन आलो. आडनाव, मूळ गाव, तालुका सांगितला की ज्यांच्याकडे त्या गावची वही आहे त्यांचं घर कुणीही दाखवतं. आबा तिथे तरुणपणी जाऊन आले होते. वहीत त्यांची मोडी सही, वडिलांचं, आज्याचं आणि पणज्याचं नाव. वादासाठी या कागदाचा उपयोग नाही, कारण तो आबांनी स्वतःच सांगितलेला आहे. वंशावळ मात्र एका पिढीने वर गेली.

आता कागदोपत्री काय ठेवायचं यावर घरात थोडी ओढाताण झाली. आबांच्या सगळ्या दाखल्यांवर १९१७ आहे आणि ते बदलण्यात अर्थ नाही, बदलायचं कारणही नाही. वंशावळीत फेब्रुवारी १९१५ लिहिलं, खाली शाळेची तारीखही दिली आणि प्रत्येकीपुढे ती कुठून आली ते लिहिलं. पुतण्याने तिन्ही नकला ग्रुपवर टाकल्या. चुलत घरातून एकाने अंगठा दाखवला, बाकीचे गप्प आहेत. दादांच्या मते त्यांच्याकडून एवढंही खूप झालं.

पणजीचं माहेर अजून लागलेलं नाही. फेरफारात तिचं सासरचं नाव आणि अंगठा आहे, बस. लग्नाची नोंद असायचा प्रश्न नाही. आबांना शाळेत घालणारा मामा हाच एक धागा आहे. जनरल रजिस्टरमध्ये पालकाच्या रकान्यात त्याचं नाव आहे, गाव नाही. आत्यांना त्या गावाला जाताना ‘मोठी नदी उतरून’ जायचे एवढं आठवतं. कोयनेपलीकडची तीन-चार गावं दादांनी मनाशी धरली आहेत, दिवाळीनंतर तिथली कोतवाल बुकं मागवायची आहेत.